सातव्या दफनाचं घराणं

प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढलेल्या बाईने करू नये अशी घाई सूनबाईने केली, आणि केली ती निव्वळ प्रेमापोटी. संगणकावर पहिला निकाल उमटला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. पडताळणीच्या तीन पायऱ्या बाकी होत्या. हाताखालच्या कुणी त्या गाळल्या असत्या तर तिने त्याची सालटी काढली असती. पण त्या दिवशी तिने अंगावरचा पांढरा झगा उतरवला, एकावर एक घातलेले दोन हातमोजे काढले, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि बाहेरच्या खोलीत येऊन सासऱ्यांना फोन लावला.

"नाना, बसलाय ना?"

"बसलोय. या वयात उभं राहून करू काय?"

"सात, नऊ आणि अकरा. तिघांचं रक्त जुळतंय. अगदी जवळचं नातं दिसतंय."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि फोन ठेवला गेला.

रक्त म्हणजे खरं तर रक्त नव्हे. सहा हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाच्या दातात रक्त कुठलं असायला? दात कोरून त्याचं पीठ काढायचं आणि त्या पिठातून डीएनए, हे तिचं काम. पण घरात ती दोघं त्याला रक्तच म्हणत.

अडतीस वर्षांपूर्वी नानांनी एका टेकडीच्या उतारावर तेवीस दफनं उकरून काढली होती. माणसं नुकती कुठे शेती करायला लागली होती, त्या काळातली. बहुतेकांच्या सोबत काही नव्हतं. फार तर एखादं मडकं. पण सात नंबरच्या बाईला गेरूच्या जाड थरावर निजवलं होतं, गळ्यात शिंपल्याचे एकशे चाळीस मणी होते आणि हाताशी हिरव्या दगडाची कुऱ्हाड, इतकी घासलेली की त्यात तोंड बघून भांग पाडावा. नऊ आणि अकरा नंबरच्या पुरुषांकडेही थोडे मणी होते. नानांनी त्यावरून सिद्धांत मांडला: ही राजमाता, ते तिचे मुलगे. मान जन्माने मिळत होता, रक्तातून उतरत होता. तरुण अभ्यासकांनी या सिद्धांताला पुढे नावं ठेवली, काहींनी तर चेष्टा केली, पण नाना हटले नाहीत. पुराव्याची वाट बघत म्हातारे झाले. आणि पुरावा मिळाला तो घरातच, सुनेच्या हातून.

फोन ठेवल्यापासून तासाभरात नानांनी निम्म्या गावाला सांगितलं. पहिला फोन संग्रहालयाच्या संचालकबाईंना केला. तिथे नवं दालन उघडायचं होतं आणि सात नंबरच्या बाईसाठी मधली मोठी काचपेटी राखून ठेवली होती. पाटीचा मजकूर नानांनी उभ्या उभ्या सांगितला: 'राजमाता आणि तिचे पुत्र. एक रक्त, एक घराणं.' संध्याकाळी सूनबाई घरी आली तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. कुठे जायचं नव्हतं. नुसते घालून बसले होते.

घरात ती दोघंच. नानांची बायको फार पूर्वी गेली आणि मुलगा, म्हणजे तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी. मूलबाळ नव्हतं. वर्ष सरल्यावर नानांच्या बहिणीने, आत्याबाईंनी, तिला बाजूला घेऊन समजावलं होतं, "अगं, आता तुझं इथे रक्ताचं कोण आहे? अजून वय आहे. आपल्या वाटेला लाग." आत्याबाई मनाने वाईट नव्हत्या, फक्त जे बोलायचं नसतं ते नेमकं त्यांना बोलायचं असे. सूनबाईने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे नानांशी वाद घालायला बसली. विषय एकच, राजमाता. नाना म्हणायचे मान जन्माने मिळतो, ती म्हणायची हाडांवरून एवढं कळत नाही. चहा गार व्हायचा. तिला त्या घराशी बांधून ठेवणारं असं जे काही उरलं होतं ते हेच, रोज सकाळचं हे भांडण.

आठवडाभराने तिने राहिलेली पडताळणी करायला घेतली, आणि पहिल्याच पायरीला ती अडली. राजमातेच्या दातात पुरुषाच्या खुणा होत्या. नानांच्या सिद्धांतात हजार भोकं असतील, पण सात नंबर बाई आहे यात शंका नव्हती. कमरेचं हाड लख्ख सांगत होतं. दुसरी पायरी त्याहून वाईट. जुना डीएनए टोकांना कुरतडलेला असतो, वाळवी लागलेल्या कागदासारखा. तिन्ही दातांत जुळणारा तो भाग मात्र कोरा करकरीत होता. सहा हजार वर्षं कसली, तो पन्नास वर्षांचाही नसावा. कुणातरी जिवंत माणसाचा हात लागला होता. उत्खननात काम केलेल्या बाकी सगळ्यांचे नमुने तिच्याकडे होते आणि त्यांतल्या कुणाशीही तो जुळत नव्हता. एकाच माणसाने नमुना द्यायला दोन वर्षं टाळाटाळ केली होती.

तिला नोकरीची धास्ती नव्हती. चूक कबूल करून निकाल मागे घेता आला असता. शास्त्रात ते चालतं. धास्ती होती ती स्वयंपाकघरातल्या टेबलापलीकडे बसणाऱ्या माणसाची. एकोणऐंशीव्या वर्षी त्यांच्या हातात जे दिलं ते तिनेच काढून घ्यायचं होतं. त्यानंतर ते तिच्याशी भांडले नाहीत तर त्या घरात तिने राहायचं कशाच्या आधारावर?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी तिने कापसाची काडी ठेवली.

"नाना, आ करा."

"का? दात मोजायचेत? सात आहेत. त्यातला एक हलतोय."

"गालाच्या आतून काडी फिरवायची आहे. सगळ्यांची घेतली, तुमचीच राहिली."

"माझी कशाला? मी काय सहा हजार वर्षांचा आहे?"

"वागता तसे."

एरवी नानांनी याला उत्तर दिलं असतं. पण त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. आयुष्यभर माती वाचलेला माणूस. चेहरा वाचायला कितीसा वेळ लागतो?

"काय निघालं, सांग."

"राजमातेच्या दातात पुरुष आहे. ताजा."

नाना आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "दात मातीतून वर आला की मी थुंकी लावायचो आणि अंगठ्याने पुसायचो. ब्रश ओला करायला पाणी खाली ओढ्यातून आणावं लागायचं. कोण जाणार?"

"पण मग बाकीच्या वीस जणांच्या दातांत काही का नाही?"

"बाकीची पोरांनी उकरली. त्यांना मी कोरड्या ब्रशाशिवाय दाताला हात लावू देत नसे. एकाला तर त्यावरून टेकडीवरून हाकलला होता." त्यांनी अंगठा मांडीला पुसला. "नियम त्यांना होते. मी साहेब होतो."

"आणि हीच तीन तुम्ही का उकरलीत?"

"मणी दिसले की पोराला उठवायचो आणि स्वतः बसायचो. चांगली दफनं साहेबाची, रिकामी पोरांची. सगळीकडे तसंच चालायचं."

दोघांच्या ध्यानात ते एकाच वेळी आलं. श्रीमंत दफनांत एकच रक्त सापडलं होतं, कारण श्रीमंत दफनांवर एकच माणूस थुंकला होता. टेकडीवर घराणं होतं खरं, पण ते अडतीस वर्षांपूर्वीचं. सूनबाईला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं, म्हणून तिने दोन्ही केलं नाही. नानांनी काडी स्वतःच उचलली आणि मुकाट्याने तोंड उघडलं.

चार दिवसांनी निकाल आला. राजमाता, तिचा थोरला आणि तिचा धाकटा, तिघेही नानाच. संचालकबाईंना फोन त्यांनीच केला. सुनेला करू दिला नाही. "बाई, पाटी थांबवा," ते म्हणाले. "घराणं सापडलंय. ते माझंच आहे." पलीकडे बाईंना काही कळेना, तेव्हा त्यांनी थुंकीपासून साग्रसंगीत सगळं सांगितलं, काही न लपवता. सूनबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. त्या क्षणी तिला या माणसाचा इतका अभिमान वाटला की जाऊन त्यांचे पाय धरावेत. पण तसं केलं असतं तर ते ओरडले असते.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. कारण त्यानंतर नानांनी भांडणंच सोडलं. ती काहीही म्हणाली तरी "हो, बरोबर आहे तुझं." चहात साखर कमी पडली तरी बरोबर आहे. एकदा तिने मुद्दाम म्हणून पाहिलं की दगडाच्या कुऱ्हाडीने कुणी लाकूड तोडलंच नसेल, ती नुसती शोभेची असणार. हे वाक्य ऐकून एरवी नाना तीन दिवस जेवले नसते. ते म्हणाले, "असेल." सूनबाई आपल्या खोलीत गेली आणि दार लावून रडली.

खरा निकाल काढायला आता एकच जागा उरली होती, कानामागचं आतलं हाड. दगडासारखं कठीण असतं ते. तिथपर्यंत कुणाची थुंकी पोचत नाही. पण त्यासाठी कवटीला भोक पाडावं लागतं, आणि सात नंबरच्या कवटीला नानांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. रीत म्हणून संचालकबाईंनी त्यांची संमती मागितली. नानांनी कागद न वाचता सही केली. सूनबाईने आपल्या हाताने ते हाड कोरलं, तसंच नऊ आणि अकराचंही. चिमूटभर पीठ निघालं. या वेळी तिने एकही पायरी गाळली नाही. शेवटची तर दोनदा केली, आणि सगळं पार पडेपर्यंत घरी अवाक्षर काढलं नाही.

निकाल तिने कागदावर छापून आणला आणि नानांच्या समोर ठेवला. त्यांनी चष्मा चढवला. त्या टेकडीवर खरंच एक मोठं कुटुंब होतं: बाप, मुलगे, काका, पुतणे, नातवंडं. नऊ आणि अकरा हे चुलतभाऊ. मोठ्या झालेल्या बायका बाहेरून आलेल्या, पण प्रत्येकीचं निदान एक तरी मूल तिथेच पुरलेलं. सात नंबरचं मात्र बाकीच्या बावीस जणांत कुणीच नव्हतं. आई नाही, भाऊ नाही, मूल नाही. तिच्या दाताच्या वरच्या थरात लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण होती आणि ते पाणी त्या टेकडीच्या आसपासचं नव्हतं. कुठून तरी लांबून आली होती, पन्नाशीच्या पुढे जगली होती आणि मेल्यावर तिला गेरू, एकशे चाळीस मणी आणि कुऱ्हाड मिळाली होती.

"म्हणजे तिला जन्माने काहीच मिळालं नव्हतं," नाना म्हणाले.

"तिथे तरी नाही."

ते उठून आपल्या खोलीत गेले. दोन दिवस दार बंद. आतून जुनी टिपणं चाळल्याचा आवाज येई आणि मधूनच खोकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते कुणाला न सांगता संग्रहालयाच्या कोठारात आले. सूनबाई तिथे लोखंडी मांडणीसमोर मण्यांच्या डब्या लावत होती. नानांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. तोच इस्त्रीचा सदरा होता, आणि चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जुनी रग होती.

"नवी पाटी," ते म्हणाले. "वाच."

तिने वाचलं. 'ही या घराची सून. लांबून आली. हिला मूल झालं नाही. नवरा गेला तरी ती माहेरी परतली नाही. या घराने तिला लेकीहून अधिक मानलं आणि जाताना होतं नव्हतं ते सगळं तिच्या सोबत दिलं.'

सूनबाईने कागद दुसऱ्यांदा वाचला, खरं तर डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून. तिला तो कागद कुणाला दाखवायचा नव्हता, जपून ठेवायचा होता. नुसतं 'छान आहे' म्हणायचं की झालं. म्हातारा खूश, पाटी तयार, भांडण पुन्हा सुरू. पण एकदा तिने याच माणसाच्या प्रेमापोटी तीन पायऱ्या गाळल्या होत्या, आणि त्याची शिक्षा भोगली त्याने.

"नाना," ती म्हणाली, "यात एक वाक्य खरं आहे. लांबून आली."

"आणि बाकीचं?"

"सून कशावरून? कुणाची तरी वैदू असेल. पाहुणी असेल. पळवून आणलेलीही असेल. मूल झालं नाही हे कशावरून? दुसरीकडे पुरलं असेल. नवरा होता की नाही तेच ठाऊक नाही, तर तो आधी गेला हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एवढे मणी काय उगाच घातले?"

"उगाच नाही घातले. का घातले ते कळत नाही, एवढंच. आधी तुम्ही तिला राजमाता केलंत, आता मला तिच्या जागी निजवताय. ती बिचारी दोन्ही वेळेला गप्प."

नानांचा चेहरा उतरला, मग तापला. सूनबाई छातीवर दगड ठेवून उभी राहिली. आता एक तर ते निघून जातील, नाही तर 'बरोबर आहे तुझं' म्हणतील, आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी सगळं संपलं.

"बरोबर नाही तुझं," नाना म्हणाले. "वैदू असती तर कुऱ्हाड कशाला देतील? अक्कल आहे का?"

तिला हुंदका आला, तो तिने खोकल्यावर निभावून नेला. मग ती दोघं कोठारातल्या दोन स्टुलांवर बसली आणि अंधारून येईपर्यंत भांडली. पहारेकऱ्याने दोनदा येऊन दिवे बंद करू का विचारलं आणि दोनदा बोलणी खाल्ली. शेवटी कागदावर चार ओळी उरल्या. 'ही बाई इथे जन्मलेली नव्हती. इथे पुरलेल्या कुणाशीही तिचं रक्ताचं नातं आढळलं नाही. तेवीस दफनांत सगळ्यांत जपून केलेलं दफन तिचं आहे. का, ते आम्हाला ठाऊक नाही.'

"शेवटचं वाक्य मी जन्मात कधी लिहिलं नव्हतं," नाना म्हणाले.

"कसं वाटतंय?"

"नवीन बुटासारखं. चावतंय."

दालन उघडलं त्या सकाळी बरीच गर्दी झाली. तरुण अभ्यासक आले होते. नानांना हसणाऱ्यांपैकी काही होते. संचालकबाईंनी माइक हातात घेतला, नानांची ओळख करून दिली, थुंकीचा किस्सा त्यांच्या परवानगीने सांगितला, लोक हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने नाना हसले. मग बाईंनी सूनबाईला पुढे बोलावलं. "आणि हा निकाल ज्यांनी काढला त्या या," बाई म्हणाल्या. पुढे काय म्हणावं यावर त्या क्षणभर अडल्या, आणि मनापासून म्हणाल्या, "नानांच्या मुलीसारख्याच आहेत."

लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. नानांनी माइक ओढून घेतला.

"मुलीसारखी वगैरे काही नाही," ते म्हणाले. "सून आहे माझी. मुलगी असती तर जन्माने माझी झाली असती. त्यात तिचं काय कौतुक? हिला जायला सगळे रस्ते मोकळे होते. ही राहिली." त्यांनी काचपेटीकडे हात केला. "त्या पेटीतल्या बाईचं का, ते आम्हाला ठाऊक नाही. हिला विचारता येतं, पण सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. भीती वाटायची."

नानांनी माइक खाली केला आणि तिच्याकडे वळून, फक्त तिला ऐकू जाईल असं, विचारलं, "का गं राहिलीस?"

सूनबाईने त्यांच्या सदऱ्याची मुडपलेली कॉलर सरळ केली.

"घरी चला, सांगते," ती म्हणाली. "पण तुम्हाला पटायचं नाही."